इंटरल्यूकिनची नोटीस

"नंदूचा थीसिस मला पाठ आहे!" जयप्रकाशरावांनी जाहीर केलं. "अख्ख्या सोसायटीला पंधरा मिनिटांत समजावतो!"

"अहो, मी पंधरा वर्षं दम्याने घरघरतेय, मला अजून नाही समजला," वैशालीताई म्हणाल्या.

आईच्या याच घरघरीपायी नंदिनीने पाच वर्षं उंदरांच्या फुफ्फुसांत घातली होती. आज तिचे गाइड विश्वजितसर थीसिसचं सही केलेलं पान घेऊन वाशीला चहाला येणार होते. त्यांच्यासमोर बापानेच विषय उलगडून दाखवला, तर लेकीची मान केवढी ताठ होईल!

बेत साधा होता. सोसायटी म्हणजे फुफ्फुस, रहिवासी म्हणजे शरीराचा पहारा करणाऱ्या मदतनीस टी पेशी, आणि नोटिसा म्हणजे पेशी एकमेकींना धाडतात त्या रासायनिक चिठ्ठ्या. पिवळा शर्ट घातलेले सेक्रेटरी सुभाषराव म्हणजे निरुपद्रवी परागकण. पहिली नोटीस इंटरल्यूकिन-फोर : 'पिवळा दिसला की पाणी ओता, शेजाऱ्यांनाही उठवा.' दुसरी इंटरफेरॉन-गॅमा : 'आवरा.' दोन्ही नोटिसा वॉचमन ज्योतिबाने दारोदार फिरवून सह्या घ्यायच्या. पहिलीवर चेअरमनची सही सकाळीच झाली. दुसरीवर राहिली. आणि चेअरमनच्या सहीशिवाय त्या सोसायटीत कबुतरसुद्धा बसत नसे!

प्रयोग साडेपाचला. पण पाचलाच सगळ्या पेशी बादल्या भरून गॅलरीत तय्यार! सुभाषराव अजून कपाटात शर्ट शोधत होते. तेवढ्यात गेटमधून विश्वजितसर आत शिरले. पिवळ्या शर्टात!

"आला रे आला!" तिसऱ्या मजल्यावरून मनालीताई किंचाळल्या.

धब्ब! पहिली बादली. मग दुसरी. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना उठवलं, आणि पलीकडच्या बिल्डिंगने तर नोटीस न वाचताच पाइप सोडला! सर रिक्षाकडे पळाले, तर रिक्षाच निघून गेली.

"थांबा! ते परागकण नाहीत!" जयप्रकाशराव गॅलरीतून ओरडले.

"नोटीस दाखवा!" मनालीताईंनी ठणकावलं.

"ज्योतिबा, सही घे! पळ!"

"सायेब, चेरमन दिवाळे गावच्या मासळीबाजारात गेल्यात. बोंबील आनायला."

टाक्या रिकाम्या झाल्या, तेव्हाच फुफ्फुस शांत झालं.

सर जयप्रकाशरावांच्या लुंगीत सोफ्यावर बसले. समोर नंदिनीचं पान. सहीच्या जागी निळं तळं. नंदिनी रडायच्या बेतात.

"सर, माझ्या अज्ञानाची शिक्षा तिला नको..." जयप्रकाशराव पुटपुटले.

"अज्ञान?" सरांनी सणसणीत शिंक दिली. "निरुपद्रवी पाहुणा, एक चिठ्ठी, शेजारी शेजाऱ्याला पेटवतोय, आवरायची चिठ्ठी गायब, आणि सगळं जलमय! अहो, हाच तर दमा! वीस वर्षं शिकवतोय, पण असा अंगावर कधी आला नव्हता. नंदिनी, कोरं पान आण."

त्यांनी सही ठोकली. वैशालीताईंनी आल्याचा चहा दिला आणि हळूच म्हणाल्या, "आत्ता समजलं हो मला." जयप्रकाशरावांची छाती पुन्हा फुगू लागली.

बेल वाजली. दारात ज्योतिबा, हातात ओली नोटीस आणि बोंबलांचा वास.

"सायेब, चेरमनची सही झाली. आता आवरा म्हनत्यात!"