अठ्ठाविसावी लेव्हल

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर सापडलेला व्हिडिओ गेम रविंद्रने भंगारवाल्याला द्यायचा सोडून टीव्हीला जोडला, आणि तिथेच सगळं बिनसलं.

रविंद्र हिंगोलीत पंचायत समितीत कारकून. वय एकेचाळीस, केस काळे (म्हणजे उरलेले). या गेमची खरी मजा जाड पाठीच्या जुन्या टीव्हीवरच, असं ठाम मत असल्यामुळे त्याने तोही पोत्यातून बाहेर काढला. कॅसेट शर्टाला पुसून खोक्यात दाबली. वीस-बावीस वर्षांनी ती धून वाजली, तसा तो टीव्हीसमोर मांडी घालून बसला. रणगाड्यांचा गेम! विटांच्या भिंतीआड आपला गरुड आणि त्याच्यावर चाल करून येणारे शत्रूचे रणगाडे.

"आख्ख्या गल्लीत माझ्या तोडीचा कुणी नव्हता," तो बायकोला म्हणाला. "बाविसावी लेव्हल!"

कोमल चिवड्याचे पोहे चाळत होती. ती हात पुसून आली. "द्या बरं इकडं."

ती सत्ताविसावीपर्यंत गेली. मधे उठून गॅससुद्धा बारीक करून आली.

"तुला कुणी शिकवलं?" रविंद्रचा आवाज बारीक झाला होता.

"पुसेगावला आमच्या शेजारी प्रेमदास व्हता की. आमी दोघं खेळायचो. त्यो पुढं जाऊन हाणायचा, मी गरुड सांभाळायची. अठ्ठाविसावी तेवढी कधी झाली न्हाई."

"दोघं?"

"दोन रिमोट असतेत न्हवं?"

त्या दिवसापासून रविंद्रला जेवण गोड लागेना. ऑफिसात फाईल उघडली की त्याला प्रेमदास दिसे. उंच, कुरळ्या केसांचा, हातात रिमोट. पाठदुखीचं कारण सांगून त्याने दोन दिवस रजा टाकली आणि घरी सराव केला. पाठ ठणठणीत राहिली, अंगठा मात्र सुजला. लेव्हल बाविसावीवरच. शेवटी त्याने ठरवलं, या माणसाला समोरासमोरच हरवायचं. फराळाचं आमंत्रण गेलं.

प्रेमदास पिकअप घेऊन आला. बुटका, पोट सुटलेलं, टक्कल पडलेलं. "रामराम दाजी! कोमलताई, कशी हाय?"

दाजी, ताई! दुसरा कुणी असता तर तिथेच निवळला असता. पण रविंद्रचा जीव नात्यात नव्हताच, लेव्हलीत अडकला होता. शिवाय दोघं खेळायला बसले आणि त्यांची जुनी बोली सुरू झाली.

"ताई, डावीकडून!"

"दिसला. हाण, हाण! शाब्बास!"

शाब्बास! अकरा वर्षांच्या संसारात हा शब्द रविंद्रच्या वाट्याला एकदाही आला नव्हता. (नळ दुरुस्त केला तेव्हाही नाही.) सत्ताविसावी लेव्हल संपत आली, तसा तो पुढे सरकला.

"कोमल, तुझी शंकरपाळी करपून राहिली बघ. दे माझ्याकडं."

कोमल स्वयंपाकघरात पळाली. रिमोट हातात येताच रविंद्रने पहिली गोळी प्रेमदासच्या रणगाड्यावर झाडली. रणगाडा जागच्या जागी गोठला.

"दाजी, त्यो मी हाय!"

"चुकून झालं."

दुसऱ्यांदाही चुकून झालं. तिसऱ्या वेळी प्रेमदास झटकन बाजूला सरला. गोळी सरळ गेली. मागची भिंत आधीच पडलेली होती. गरुड फुटला. खेळ खलास.

दारात झारा घेऊन कोमल उभी होती. "शंकरपाळी अजून तेलात बी सोडली न्हवती," ती म्हणाली. "आन् आपलाच गरुड काहून मारला?"

रविंद्रने घाईघाईने रिमोटची वायर गुंडाळली. मग त्याने मोठेपणा केला. "प्रेमदासराव, आता हे घेऊनच जा तुमी. टीव्ही बी न्या. आमाला कुठं येळ हाय?"

पिकअप नजरेआड होईपर्यंत तो हात हलवत राहिला. त्या दिवशी त्याने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पुढच्या रविवारी कोमल नवी साडी नेसून दारात उभी. "चला, पुसेगावला सोडा मला."

"का? माहेरी काही तकलीफ हाय का?"

"अठ्ठाविसावी राहिली न्हवं."

पुसेगावात प्रेमदासच्या घरी रिमोट दोनच होते आणि खेळणारेही दोन. रविंद्रने अंगणात गाडी लावली आणि त्याला तिथलीच बाज मिळाली. आतून "हाण, हाण!" ऐकू येत होतं. तासाभराने प्रेमदासची म्हातारी आई, नानीबाई, बाहेर आली. डोळ्यांवर हात धरून तिने त्याला नीट न्याहाळलं आणि आत सुनेला हाक मारली,

"मिना, कोमलच्या गाडीवाल्याला बी चहा दे वं. कवाचा बसून राहिला बिचारा!"