चिमीचं टायमिंग

बारकूदादा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले त्याला पाच वर्षं झाली, पण वेळापत्रक काही त्यांच्या अंगातून उतरलं नव्हतं. मुरबाडच्या त्यांच्या घरात सकाळचा चहा सहा पाचला होई, आणि सहा दहा झाले तर बायकोला, चंद्राबाईंना, कारण द्यावं लागे. त्यामुळे चिमीला नर दाखवायची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की नक्की कधी. दिवस सांगा, तास सांगा, आपण हजर.

चिमी म्हणजे पांढरी पॉमेरियन. निरोप समारंभात डेपोतल्या मंडळींनी शाल-श्रीफळासोबत टोपलीत घालून दिलेली. शाल कपाटात गेली, नारळ खोबऱ्याच्या चटणीत गेला, चिमी राहिली. बारकूदादांचा तिच्यावर फार जीव. तिचं एक तरी पिल्लू घरात असावं, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. पण मागचे दोन माज हुकले होते. एकदा शहापूरच्या भगीरथच्या कुत्र्याकडे, सुलतानकडे नेली तर ती सुलतानलाच चावली, म्हणजे लवकर झालं. पुढच्या खेपेला सुलतानने हुंगून तोंड फिरवलं, म्हणजे उशीर झाला. यंदा जनावरांच्या डॉक्टर श्वेतामॅडमनी साफ सांगितलं, "दादा, पाच वर्षांची झाली ती. या वेळेला नाय जमलं, तर पुढं नाद सोडायचा."

म्हणून रक्ताची तपासणी. मॅडमनी समजावलं की प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन असतं, ते चढत जातं. पाचाच्या आसपास गेलं की अंडी सुटली समजायचं आणि त्यानंतर दोनेक दिवसांत भेट घडवायची. पण नुसत्या एका आकड्यावर जाऊ नका, तिचं वागणंही बघा, असंही त्या म्हणाल्या. बारकूदादांनी यातलं 'पाच' आणि 'दोन दिवस' एवढंच डोक्यात ठेवलं. बाकीचं त्यांनी भरल्या गाडीतल्या बडबडीसारखं सोडून दिलं.

सोमवारी रक्त घेतलं, ते ठाण्याला गेलं आणि मंगळवारी संध्याकाळी रिपोर्ट आला. दोन पॉइंट चार. चंद्राबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या की चिमीला आज केरसुणी लागली तरी ती शेपटी बाजूला करून उभी राहते, उद्याच न्या तिला.

"शेपटी बघून गाडी सोडतात काय गो?" बारकूदादा म्हणाले. "आकडा पाच होऊ दे."

बुधवारी सकाळी मॅडमनी दुसऱ्यांदा रक्त काढून दिलं आणि त्या सिद्धगडाखालच्या पाड्यांवर गुरांच्या लसीकरणाला गेल्या. तिथे फोन लागत नाही. ठाण्याचा रिपोर्ट यायला पुन्हा दुसरी संध्याकाळ, आणि एवढा उशीर बारकूदादांना मंजूर नव्हता. त्यांनी रक्ताची नळी थर्मासमध्ये बर्फात ठेवली, जीप पकडली आणि कल्याणची एक माणसांची लॅब गाठली, कारण तिथे त्याच दिवशी आकडा मिळतो असं कुणीतरी सांगितलं होतं. काउंटरवरच्या मुलीने पेशंटचं नाव विचारलं. चिमी. वय? पाच. पाच वर्षांच्या मुलीला ही टेस्ट कशाला, असं तिने विचारलं. बारकूदादांनी खरं तेच सांगितलं की शहापूरला सोयरीक ठरली आहे, फक्त दिवस काढायचा राहिलाय. मुलगी ताडकन उठली आणि आतून साहेबांना घेऊन आली. चिमी कुत्री आहे हे पटवायला बारकूदादांना मोबाइलमधले सतरा फोटो दाखवावे लागले.

संध्याकाळी रिपोर्ट हातात पडला. सोळा. बारकूदादांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पाच गेले, दहा गेले, थेट सोळा. गाडी कधीच निघून गेली होती. घरी भात झालेला नव्हता, चंद्राबाईंनी सकाळचीच भाकरी पुढे ठेवली. खाटेखाली चिमी चारी पाय पसरून झोपली होती. तिच्याकडे बघून त्यांचे डोळे भरून आले. "माझ्यामुळं राहिलं गो तुझं," ते म्हणाले. चंद्राबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

गुरुवारी मॅडम कागद बघून हसायलाच लागल्या. "दादा, त्या लॅबचं माप वेगळंय. आंबे कोण डझनानं देतं, कोण किलोनं. त्यांचे सोळा म्हणजे आपले पाच. उद्या न्या."

शुक्रवारी पहिल्या गाडीने बारकूदादा शहापूरला हजर, हातात घड्याळ आणि वही. चिमी सरळ भगीरथच्या पडवीत शिरली, कोपऱ्यातल्या भांड्यातलं पाणी प्यायली आणि बाकाखाली जाऊन निजली. सुलतानने जुनी ओळख असल्यासारखी शेपटी हलवली आणि तोही पडून राहिला. हे काय चाललंय, असं बारकूदादांनी विचारलं. भगीरथ म्हणाला की माणूस समोर असला की लाजतात, तुमी नाक्यावर चहा घेऊन या. ते परत आले तेव्हा भगीरथ सुलतानचा पट्टा उगाचच सारखा करत होता. खालच्या मानेनेच म्हणाला, "झालं समजा." बारकूदादांनी वहीत लिहिलं, शुक्रवार, अकरा वीस. घरी येऊन त्रेसष्ट दिवस मोजले आणि कॅलेंडरवर नऊ आठवड्यांनंतरच्या शुक्रवाराला गोल केला.

पुढे मॅडमनी पोटात पिल्लं असल्याचं सांगितलं आणि बारकूदादा डेपोच्या बाकावर बसून येईल त्याला हार्मोन शिकवू लागले. आकडा तो आकडा, बायकांचे अंदाज चालत नाहीत, हे त्यातलं मुख्य.

पिल्लं आली बुधवारी सकाळी. तीन, पांढरीशुभ्र. पण दोन दिवस बिफोर टाइम, म्हणून बारकूदादा आनंदातही कुरकुरत होते, कारण खोक्यात घालायला अजून काही काढून ठेवलं नव्हतं. शेवटी ज्या कापडी पिशवीतून चिमी प्रवास करायची तीच अंथरावी म्हणून त्यांनी ती झटकली. आतून तिकीट पडलं. त्यांनी चष्मा लावला. शाई उडत आली होती, पण जन्म तिकिटं वाचण्यात गेलेला माणूस तो. मुरबाड ते शहापूर. सकाळी दहा चाळीस. तारीख ते कल्याणला गेले त्या बुधवारची.

बुधवार ते बुधवार. नऊ आठवडे. त्यांनी बोटांवर दोनदा मोजलं, दोन्ही वेळा त्रेसष्टच आले. मग त्यांना न झालेला भात आठवला, चिमीची ती झोप, पाण्याचं भांडं आणि भगीरथची खाली घातलेली मान.

ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. चंद्राबाई चिमीसाठी पेज ढवळत होत्या. तिकीट बघूनही त्यांचा हात थांबला नाही.

"तुमी कल्याणला गेलात," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तवर आमी जाऊन येतो. जमलं का नाय ते कळल्याबिगर काय सांगायचं? आन् मग तुमी एवढे खूश दिसलात."

बारकूदादांना खरं तर राग यायला हवा होता. पण खोक्यातून तीन पिल्लांची कुईकुई चालली होती, आणि ते इतके सुखावले होते की रागाला जागाच मिळेना. तरी काहीतरी बोलणं भाग होतं. त्यांनी तिकीट पुन्हा डोळ्यांजवळ धरलं.

"कंडक्टर कोण होता गो?"

"मला काय म्हाईत. का?"

"तुला अर्धं लावलंय आन् चिमीला फुल."

"मग बरोबर लावलंय," चंद्राबाई पेज उतरवत म्हणाल्या. "काम तिचं होतं. मी नुसती सोबतीला."