मामा उभे, इंजिन बंद

सकाळी साडेदहाला ट्रॅक्टर तिसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा परशुरामनं सीटवर बसल्या बसल्याच कपाळाला हात लावला. तीनदा चालू करून गवताचा जेमतेम एक पट्टा कापून झाला होता. आणि लॉन केवढं, तर गणेशगुडीच्या त्या लॉजच्या व्हरांड्यापासून थेट काळी नदीच्या काठापर्यंत. चार वाजता लॉजचे मालक बेळगावहून वीस पाहुणे घेऊन येणार होते आणि गवत अजून गुडघ्याला लागत होतं.

परशूची आज परीक्षा होती. मॅनेजर श्वेता मॅडमनी सकाळीच स्वच्छ सांगितलं होतं, "चारच्या आत लॉन झालं तर तुम्ही उद्यापासून कायम. नाही झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." दुसरा माणूस आला म्हणजे परशूची रवानगी गोव्याच्या कारखान्यात, हे ठरलेलं होतं. त्याच्या गावची, नंदिगड्ड्यातली भातशेती चार महिने काम देते आणि उरलेले आठ महिने माणसाला नुसतं बसवून ठेवते. घरी बायको नेत्रा आणि तीन महिन्यांची लेक. लेक आताशा कुठे बापाला ओळखून हसायला लागली होती. ते हसू महिन्यातून एकदा बघायचं, हे परशूला मान्य नव्हतं.

ही संधी त्याला मिळाली सासऱ्यांमुळे. नागराजमामा म्हणजे लॉजचे पंचवीस वर्षांचे माळी. आजवर हे सगळं लॉन त्यांनी विळ्यानं कापलं. नवा ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे जोडायचं गवत कापायचं यंत्र येणार असं कळलं तेव्हा दुसऱ्या कुणी तोंड पाडलं असतं, पण मामा म्हणाले, "आमचं जावईपावणं चालवत्यात की. भाताच्या चिखलणीत त्यांचा हात कुणी धरंल काय?" आता शब्द दिलाच होता, म्हणून मामा सकाळपासून ट्रॅक्टरच्या पुढे चालून गवतातले दगड दाखवत होते. कुठला दगड कुठे आहे हे त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं.

यंत्र का बंद पडत होतं, हे वाचकांपासून लपवण्यात काही अर्थ नाही. काल यंत्र आलं तेव्हा कंपनीच्या माणसानं सगळं नीट समजावून सांगितलं होतं. ट्रॅक्टरच्या सीटखाली एक बटण आहे. पाती फिरत असताना चालवणारा सीटवरून उठला, की इंजिन आपोआप बंद होतं. पण हे सांगितलं जात होतं त्या वेळी परशू नारळ फोडत होता, मामा उदबत्ती लावायला काडेपेटी शोधत होते आणि श्वेता मॅडम मालकांच्या फोनवर होत्या. माहितीचं पुस्तक तेवढं त्यांनी प्लास्टिकसकट ऑफिसच्या कपाटात जपून ठेवलं.

आणि परशू होता संस्कारी. सासरे समोर उभे असताना जावयानं उंचावर बसून राहायचं, हे त्याच्या रक्तातच नव्हतं. मामा समोर आले की तो सीटवरून अर्धा उठायचा, मान लववायचा आणि पुन्हा बसायचा. गावात भाड्याचा जुना ट्रॅक्टर चालवताना तो प्रत्येक वडीलधाऱ्याला बघून असाच उठायचा आणि त्या ट्रॅक्टरनं कधी तक्रार केली नव्हती. तो उठतो हे इतकं रोजचं होतं, की उठताना ते परशूला कळत नव्हतं आणि बघणाऱ्यांना दिसत नव्हतं.

बघणाऱ्यांना दिसलं ते दुसरंच. लॉजच्या स्वयंपाकीणबाई सुनयनाक्का चहा घेऊन आल्या होत्या. चौथ्यांदा इंजिन थांबलं तसा त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"मामा, रागावू नगासा. पण तुमी म्होरं आलासा की बंद पडालंय."

"माज्यामुळं?"

"मी कुटं म्हटलं तुमच्यामुळं? मी म्हटलं, तुमी आलासा की."

मामांना ते लागलं. पण मामा न्यायी माणूस. ते फणसाच्या झाडामागे जाऊन उभे राहिले. परशूनं ट्रॅक्टर चालू केला आणि दहा पावलं गवत झकास कापलं गेलं. मामा झाडामागून बाहेर आले. परशू उठला, इंजिन बंद. मामा पुन्हा झाडामागे गेले. इंजिन चालू. बाहेर आले. बंद. खोल्या झाडणाऱ्या दोन बायका झाडू टाकून हा खेळ बघायला आल्या आणि त्यातल्या एकीनं मामांच्या पायांकडे बघून स्वतःचे पाय मागे घेतले.

"पंचवीस वरसं ह्याच पायांनी हितं फिरलोय," मामा पडेल आवाजात म्हणाले. "गवात मेलं न्हाई कदी."

"गवताचं सोडा. मशिनला चालत नसंल," सुनयनाक्का म्हणाल्या.

मामांची रवानगी स्वयंपाकघरामागच्या कोठीत झाली. पण जीव लॉनवर अडकलेला. अर्ध्या तासानं त्यांना आठवलं, की आंब्याच्या बुंध्याजवळ एक धोंडा गवतात दडलेला आहे आणि तो परशूला ठाऊक नाही. पात्याखाली धोंडा आला तर यंत्र जाईल आणि यंत्राबरोबर नोकरीही. पण जायचं कसं? मामांनी पाहुण्यांसाठी ठेवलेली मोठी छत्री उघडली, तोंडापुढे आडवी धरली आणि त्या छत्रीआडून, वर स्वच्छ ऊन असताना, ते आंब्याकडे निघाले.

परशूला छत्री दिसली. छत्रीखाली दोन पाय दिसले. उजवा पाय जरा बाहेर टाकत चालणारी माणसं अख्ख्या जोयडा तालुक्यात किती असतील कुणास ठाऊक, पण परशूच्या ओळखीचा सासरा एकच होता. तो उठला आणि इंजिन थांबलं.

"छत्रीतनंबी लागालंय," सुनयनाक्का खिडकीतून म्हणाल्या.

साडेबाराला रामनगरहून दत्तप्रसाद मेस्त्री मोटरसायकलवरून आला. श्वेता मॅडमनी फोन करून बोलावलं होतं. त्यानं तेल बघितलं, इंजिनचा पट्टा बघितला, मग स्वतः सीटवर बसून लॉनवर दोन फेऱ्या मारल्या. यंत्र सुरळीत चाललं. मामा कोठीच्या दारातून हे बघत होते. त्यांनी धीर करून एक पाऊल बाहेर टाकलं, मग दुसरं, मग छाती काढून ते थेट ट्रॅक्टरसमोर जाऊन उभे राहिले. दत्तप्रसाद काही त्यांचा जावई नव्हता. तो बसूनच राहिला आणि इंजिन चालूच राहिलं.

"बगितलासा?" मामांनी खिडकीकडे बघून विचारलं. "माज्या पायात दोष न्हाई."

मामा सुटले, पण अडकला परशू. श्वेता मॅडमनी घड्याळ बघितलं आणि मग परशूकडे बघितलं. "म्हणजे यंत्र चांगलं आहे," त्या सावकाश म्हणाल्या. पुढचं त्या बोलल्या नाहीत, पण परशूला ऐकू आलं. मामांनाही ऐकू आलं आणि सुटल्याचा आनंद त्यांच्या तोंडावरून पुसला गेला. जावई अडकण्यापेक्षा आपल्या पायांनाच दोष लागला असता तर बरं, असं त्यांना वाटून गेलं.

"एकदा मला बसू दे," परशू म्हणाला. तो बसला, पाती सुरू केली, मामा समोरच होते, तो उठला. इंजिन बंद.

दत्तप्रसाद डोळे बारीक करून बघत होता. "तू उठलास कशाला?"

"कुटं उठलो?"

"आत्ता उठलास की."

"मामा हाईत न्हवं समोर."

"मग?"

"मग काय बसून ऱ्हाऊ?"

दत्तप्रसाद पोट धरून हसला. मग त्यानं सीट वर करून खालचं बटण दाखवलं. माणूस सीटवरून पडला तर पात्यात जाऊ नये म्हणून ते असतं, असंही सांगितलं. "दोन मिन्टांचं काम हाय. ह्या दोन वायरी एकत्र जोडून टाकतो. मग उठ, नाच, काय पायजे ते कर. इंजिन बंद पडायचं न्हाई."

एक वाजून गेला होता. श्वेता मॅडमनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "जोडा." दत्तप्रसाद वायरचा तुकडा आणायला मोटरसायकलकडे गेला. त्याची पेटी शोधून होईपर्यंत रिकामं कशाला बसायचं, म्हणून परशूनं यंत्र सुरू करून काम पुढे रेटलं. मामा मुद्दाम मागच्या बाजूला राहिले.

मागच्या लग्नातल्या मांडवाची सुतळी तिथे गवतात पडलेली होती. ती पात्यांच्या झाकणाखाली अडकली आणि मागे शेपटीसारखी फरफटू लागली. मामांच्या नजरेतून असली गोष्ट कधी सुटली नव्हती. विळ्याला गवत गुंतलं की हातानं ओढायचं, ही पंचवीस वर्षांची सवय. चढावर ट्रॅक्टर हळू झालेला बघून मामा मागून वाकले आणि सुतळीचा माग काढत त्यांचा हात झाकणाखाली जाऊ लागला.

पट्टा सरळ येतोय का, म्हणून परशूनं मान वळवली. त्याला धोका-बिका काही दिसला नाही. त्याला दिसले मागे दोन हातांच्या अंतरावर आलेले सासरे. तो उठला.

इंजिन थांबलं. पाती थांबता थांबता मामांच्या खांद्यावरून लोंबणाऱ्या पंच्याचं टोक खाऊन गेली. हात वीतभर अलीकडे होता.

मामांनी हात तोंडासमोर धरून उलटसुलट बघितला, जणू तो आत्ताच कुणी आणून दिला होता. परशू खाली उतरून त्यांच्याजवळ गेला आणि त्यांचा तो हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला. दत्तप्रसाद वायर घेऊन आला होता. त्यानं ती गुंडाळली आणि गुपचूप खिशात घातली.

श्वेता मॅडम ऑफिसात गेल्या आणि कपाटातलं पुस्तक घेऊन आल्या. प्लास्टिक फाडून त्यांनी पान उघडलं. "पाती फिरत असताना जवळ कुणी यायचं नाही. अडकलेलं काढायचं तर आधी पाती बंद, इंजिन बंद, किल्ली हातात. आणि सीटचं बटण कधीही निकामी करायचं नाही," त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग म्हणाल्या, "आणि मी जोडा म्हणाले. माझंच चुकलं."

यंत्र बंद ठेवूनच सुतळी काढली. पण दीड वाजला होता आणि अर्ध्याहून जास्त लॉन तसंच होतं.

"पावणं, आता उठायचं न्हाई," मामांनी बजावलं. "मी लांब ऱ्हातो. दिसलो तरी उठू नगासा."

परशूनं मनापासून प्रयत्न केला. मामा लांब नदीकडच्या कुंपणापाशी उभे होते. तरी तो उठला.

"जमंना, मामा. पाय आपसूक उठत्यात."

"मग आत जातो मी."

"आणि दगड कोण दाखवणार?" श्वेता मॅडमनी विचारलं.

सुनयनाक्कांनी हात पुसत तोड काढली. "मामा उभं हाईत म्हणून ह्यो उठतोय. मामांनाच बसवा की. बसल्याल्या माणसापुढं कोण उठत न्हाई."

व्हरांड्यातून पाहुण्यांची वेताची मोठी खुर्ची आणून लॉनच्या कडेला, यंत्रापासून चांगली लांब ठेवली. मामा तिच्याकडे बघूनच मागे सरले. पंचवीस वर्षांत ते या लॉजमध्ये पायरीवरसुद्धा टेकले नव्हते. "माळी खुर्चीत बसला तर लोक काय म्हणतील?" ते म्हणाले. श्वेता मॅडम म्हणाल्या, "मामा, हे काम आहे. बसा." मामा बसले. परशू बसला. मामा खुर्चीतून हात करून दगड दाखवू लागले, परशू यंत्र थांबवून, उतरून दगड उचलू लागला आणि इंजिन एकदाही आपणहून बंद पडलं नाही.

चारला पाच मिनिटं असताना शेवटचा पट्टा उरला होता. तेवढ्यात मालकांची गाडी फाटकातून आत आली. मालक उतरले, पाहुण्यांना मागे ठेवून सरळ लॉनकडे आले आणि खुर्चीसमोर उभे राहिले. ते परशूच्याच वयाचे होते, म्हणून त्यांना बघून त्याचे पाय उठले नाहीत.

मामांचे गुडघे हलले. मालक समोर उभे आणि माळी वेताच्या खुर्चीत. आतापर्यंत मालक दिसले की मामा हातातलं काम टाकून उठत आले होते. पण ते उठले असते तर परशू उठला असता, इंजिन थांबलं असतं आणि पाहुण्यांसमोर शेवटचा पट्टा तसाच उभा राहिला असता. मामांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले, डोळे यंत्रावर लावले आणि बसून राहिले. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"श्वेता, हे आपले माळी ना?"

"हो, सर."

"मग बसलेत का?"

"सुरक्षेसाठी, सर."

मालकांना काही समजलं नाही. पण कुणी जागचं हलत नाही म्हटल्यावर आपणही हलू नये असं त्यांना वाटलं असावं. ते खुर्चीशेजारी हात मागे बांधून उभे राहिले आणि शेवटचा पट्टा कापून होईपर्यंत तसेच उभे होते. परशूनं पाती थांबवली, इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली आणि तो खाली उतरला. चार वाजायला अजून एक मिनिट होतं. मग मामा उठले. त्यांनी मालकांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "साहेब, माफी करा. जावयाची नोकरी होती, म्हणून बसलो."