रामटेकेकाकांची पिकअप

हिवाळा लागला की रामटेकेकाका संध्याकाळी आपल्या पिकअपला गोधडी पांघरतात. बॉनेटवर नीट पसरतात, दोन्ही बाजूंनी खोचतात आणि वर विटा ठेवतात. आमच्या वाडीच्या गल्लीत नवीन आलेला भाडेकरू हे बघायला थांबतोच. काका त्याला गंभीरपणे सांगतात, "गाडीले थंडी वाजते गा."

वाडीत जितकी गोदामं, तितक्याच भाड्याच्या खोल्या. माणसं सतत खोल्या बदलत असतात. त्यांची बिऱ्हाडं इकडून तिकडे हलवणं हा काकांचा धंदा. गाडी जुनी, डिझेलची, आणि काकांना त्याचा फार अभिमान. त्यांच्या मते माणसंही दोनच तऱ्हेची असतात. पेट्रोलची लगेच पेटतात आणि लगेच विझतात. डिझेलची उशिरा तापतात, पण मग थांबत नाहीत. मी रोज सकाळी शहरात सदरला ऑफिस गाठायच्या घाईत असतो, म्हणून मी पेट्रोल. माझी बायको डिझेल. हा निकाल त्यांनी आमच्याच दारात, आमचाच चहा पिता पिता दिला. बायकोला तो इतका पटला की आता भांडण झालं तर ती मला फक्त "पेट्रोल" म्हणते आणि आत निघून जाते.

थंडीत ही गाडी सुरू करणं एकट्याचं काम नव्हतं. काका बॉनेट उघडून आत डोकं घालत आणि लीलाबाई ड्रायव्हरच्या सीटवर बसून चावी फिरवत. लीलाबाई काकांच्या वरच्या खोलीत राहायच्या. एका वसतिगृहात स्वयंपाक करून निवृत्त झालेल्या, एकट्या. काकांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. कानाला स्कार्फ बांधून बाई खाली उतरल्या की गल्लीत समजायचं, आता तमाशा सुरू.

"मारा बाई सेल," काका आतून म्हणत. बाई सेल मारत. गाडी घरघर करून गप्प. काका गरम पाण्यात पिळलेलं फडकं इंजिनावर कुठे कुठे ठेवत आणि बाईंचा पाय रेसवर जास्त पडतो म्हणत. बाई म्हणत की दोष पायात नाही, हे धूड भंगारात घालायच्या लायकीचं आहे. त्यावर काका दुखावले जात, बाई पुन्हा सेल मारत, आणि वाद चांगला रंगात आला की गाडी एकदम धडधडायला लागे. मग इंजिन तापेपर्यंत दोघं पायरीवर बसून चहा पीत. त्या वेळी मात्र कुणी भांडत नसे.

मेकॅनिकला दाखवा, असं सगळ्यांनी सांगून झालं होतं. काका म्हणायचे, आपल्या माणसाला पडसं झालं तर कुणी त्याला लगेच खोलत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी लीलाबाई स्वतःच अमरावती रोडवरून मेकॅनिक घेऊन आल्या. काका ओट्यावर पाठ फिरवून बसले. मेकॅनिकनं बॉनेट उघडून सांगितलं की थंड इंजिनाला आतून ऊब देणारे हीटर प्लग जळालेत. त्यानं ते बदलले, त्यांची गंजलेली वायरही नवी टाकली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. आम्ही सगळे कौतुकानं बाहेर आलो. काकांचं तोंड मात्र घरात चोरी झाल्यासारखं.

"काहून आणला जी तुम्ही त्याले?" त्यांनी बाईंना विचारलं.

बाई स्कार्फ सोडत म्हणाल्या, "मी पारशिवनीले चालली, पोरीकडे. नातवाले पाहाले कोनी नाही तिथं. तुम्ही आतमंदी डोकं घालून बसान, अन् चावी कोन फिरवन?"

काकांनी फडकं उचललं. जाऊन गाडी पुसत बसले.

जायच्या दिवशी सामान काकांनीच भरलं, आम्हाला कुणाला हात लावू दिला नाही. बाई सवयीनं ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. त्यांनी सेल मारला. गाडी घरघरली आणि गप्प. पुन्हा मारला, पुन्हा तेच. काकांनी आभाळाकडे बघून जाहीर केलं की आज गारठा फार आहे, आता उद्या पाहू.

मी बॉनेटमध्ये डोकावलो. हीटरची नवी वायर निघून लोंबत होती. मी काकांकडे बघितलं. काका समोरच्या लिंबाच्या झाडाकडे बघत होते.

"रामटेकेजी," बाई आतूनच, आवाज न चढवता म्हणाल्या, "वायर लावा. पोरगी वाट पाहून राहिली."

काकांनी वायर लावली. बाईंनी चावी फिरवली, गाडी सुरू झाली, आणि त्या उठून बाजूच्या सीटवर सरकल्या.

पुढे महिन्याभरानं माझ्या मावसभावाला वाडीत खोली हवी होती. मी काकांना वरच्या खोलीबद्दल विचारलं.

"कुठं रिकामी आहे गा? बाईचं सामान पडून आहे तिथं."

मला खरं वाटेना, म्हणून वर जाऊन बघितलं. एक पाट, कळशी, दोन डबे, लाकडी स्टूल, भिंतीला टेकवलेली खाट. सगळं त्याच दिवशी सहज मावलं असतं.

"एकदमच नेलं तर मोडतोड होते," काका माझ्यामागून म्हणाले.

त्या रविवारी सकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून काका पारशिवनीला निघाले. पिकअप गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हा मी मागचा हौदा पाहिला. मधोमध ते एकच स्टूल, चारही बाजूंनी दोरीनं घट्ट बांधलेलं.