दादांचा पाचवा टप्पा

धाकट्या बहिणीचं पत्र येऊन चौदा महिने झाले होते आणि दादांनी त्याला अजून उत्तर पाठवलं नव्हतं.

आळस म्हणून नव्हे. उत्तरं लिहिली होती, चांगली अकरा! एक फार रुक्ष वाटलं म्हणून फाडलं, दुसरं फार हळवं वाटलं म्हणून. सातव्याचा मायना झकास जमला होता, पण पुढे काही सुचेना.

पत्र होतंच तसं. साठी उलटल्यावर ही बाई कयाक वल्हवायला शिकली! म्हणजे काकडीसारख्या निमुळत्या होडीत बसून खळाळत्या पाण्यात घुसायचं. दादांनी ही बातमी प्रथम ऐकली ती जेवणाच्या टेबलावर, दहा माणसांसमोर, आणि ते खो खो हसले. लाजाळू माणूस आयुष्यात एकदाच मोठ्याने हसला, तोही नेमका नको तिथे! धाकटी ताटावरून उठून गेली. मग महिन्याभराने पत्र आलं: 'दादा, मी नदीच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचले. एकदा येऊन बघ. यायचं नसेल तर तसं लिही. काहीच लिहिलं नाहीस, तर मी समजायचं ते समजेन.'

चौदा महिन्यांत तिने समजायचं ते समजून घेतलंच असणार. आईवडिलांच्या घरातलं तेवढं एकच माणूस आता उरलं होतं.

एका रविवारी सकाळी दादांनी चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "मी नदीवर जातोय. स्वतः कयाक वल्हवणार. मगच उत्तर लिहीन. लिहायला काहीतरी असेल तरी!"

"तुम्ही?" बायको म्हणाली. "अहो, बादली जरा जास्त भरली तर तुम्ही मला हाका मारता!"

"मी तीन पुस्तकं वाचली आहेत."

खरंच वाचली होती. एक नदीकाठच्या खडकांचं, दुसरं होड्यांच्या इतिहासाचं, तिसरं गोड्या पाण्यातल्या माशांचं. होडी उलटल्यावर काय करायचं, हे एकातही नव्हतं. त्यातल्या त्यात माशांचं पुस्तक विषयाच्या जवळ गेलं होतं.

नदीकाठच्या कयाक केंद्रावर मोठी पाटी होती: 'एकच नदी, पाच टप्पे. नवशिक्यापासून निष्णातापर्यंत सर्वांचं स्वागत!' कोणता टप्पा कोणासाठी, ते खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. दादांनी ते वाचलंच नाही. एरवी औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही पूर्ण वाचणारा हा माणूस! पण त्यांची अडतीस वर्षं शाळेच्या परीक्षा विभागात निकालपत्रकं करण्यात गेली होती. पहिला म्हणजे सगळ्यांत हुशार आणि पाचवा म्हणजे ढ, यात वाचण्यासारखं काय होतं? धाकटी तिसरी, म्हणजे मधली. आपण आपलं तळापासून सुरुवात करावी.

"मला पाचवा द्या," ते खालमानेने म्हणाले.

काउंटरमागच्या मिशीवाल्या प्रशिक्षकाने चमकून वर पाहिलं. "पाचवा? काका, नक्की?"

"माझी लायकी तेवढीच."

"आधी कुठे वल्हवलंय?"

"सांगण्यासारखं काही नाही हो."

"मग तिसरा घ्या ना आधी. जरा अंग मोकळं होईल."

"छे छे! तिसरा मला नाही सोसायचा!"

प्रशिक्षक शेजारच्या पावत्या फाडणाऱ्या बाईंच्या कानाशी लागला. "बघितलंत? तिसऱ्याचा कंटाळा येतो हे किती सभ्यपणे सांगितलं! खरे उस्ताद असेच असतात. मागच्या वर्षीचा विजेता आठवतो? तोही अस्साच मान खाली घालून उभा होता."

मग तो दादांना म्हणाला, "दोघांची कयाक घेऊ. तुम्ही पुढे बसा. तुम्ही सांगाल तसं मी मागून वल्हवेन. मलाही शिकायला मिळेल!"

ढ मुलांना पुढच्या बाकावर बसवतात, तसंच हे, असं दादांना वाटलं. ते आज्ञाधारकपणे तयार झाले.

"चष्मा आणि कवळी डब्यात ठेवा. पाण्यात जाते."

दादांनी दोन्ही ठेवलं. डोक्यावर हेल्मेट चढलं, अंगात फुगीर जॅकेट आलं, कमरेभोवती होडीत पाणी शिरू नये म्हणून रबरी झालर बसली. त्या क्षणी आरशात पाहिलं असतं तर दादांनी स्वतःलाच विचारलं असतं, 'आपण कोण?'

जीप त्यांना घेऊन डोंगरात वर वर गेली. कयाक पाण्यात उतरली. पहिलं वळण शांत होतं. दुसऱ्या वळणाआधी दादांना पुढून शंभर गिरण्या एकदम सुरू झाल्यासारखी घरघर ऐकू आली.

"हा आवाज कसला हो?"

"आपला पाचवा टप्पा!" मागून आनंदी आरोळी आली. "डावीकडून घ्यायचा की उजवीकडून?"

"काय घ्यायचं?"

"धबधबा!"

"धबधबा?" दादांनी वल्हं छातीशी कवटाळलं. "नवशिक्यांना?"

"नवशिक्यांना पहिला टप्पा, काका! तिथे बदकं पोहतात!"

अडतीस वर्षांची निकालपत्रकं दादांच्या डोळ्यांसमोर उलटीपालटी झाली. पहिल्याचा पाचवा, पाचव्याचा पहिला! 

"अहो, मी नवशिका आहे!"

"पुरे आता नम्रपणा! लवकर सांगा, डावीकडे की उजवीकडे?"

"घरी!" दादा किंचाळले.

मागचं वल्हं थांबलं. मग अगदी बारीक आवाजात प्रशिक्षक म्हणाला, "अरे देवा!"

आणि नदी पायाखालून निघून गेली!

पुढचं दादांना तुकड्यातुकड्यांत आठवतं. आभाळ खाली होतं. खडक वर होता. वल्हं कोणाचं तरी वेगळ्याच दिशेला चाललं होतं. कयाक उलटली, दादा तिच्यातून बुचासारखे सुटले आणि फेसातून गटांगळ्या खात निघाले. तेवढ्यात हेल्मेटवर काहीतरी थाडकन आदळलं. दोरी!

"धरा! धरा म्हणते ना! सोडलीत तर बघा!"

दादांनी धरली. आवाजच असा होता की नाही म्हणायची सोय नव्हती. कोणीतरी त्यांना फराफरा ओढून काठावरच्या दगडावर पालथं घातलं आणि पाठीत धपाटे घातले. प्रशिक्षक मागून स्वतःच पोहत आला आणि नुसता हात जोडून बसला.

"गाढव आहात का हो आजोबा?" दोरी फेकणारी बाई ओरडत होती. "घरी विचारणारं कोणी नाही का?"

दादांनी मान वर केली आणि डोळे बारीक करून पाहिलं. धाकटी! स्वयंसेवकांचं लाल जॅकेट घालून, दोरीची गुंडाळी खांद्यावर टाकून, धाकटी! हेल्मेटाखालचं ते बिनचष्म्याचं, बिनदातांचं बोळकं तिने मुळीच ओळखलं नव्हतं.

जरा वेळाने तिचा आवाज उतरला. "माझाही एक भाऊ आहे तुमच्या वयाचा. पुस्तकातून डोकं काढत नाही. बरंच आहे म्हणा, बुडत तरी नाही." ती दोरी गुंडाळू लागली. "चौदा महिने झाले, साधं दोन ओळींचं उत्तर नाही. आणि मी वेडी, रोज टपाल बघते."

रोज! दादा धबधब्यातही एवढे हादरले नव्हते. हात हेल्मेटच्या पट्ट्याकडे गेला, तोंड उघडलं, आणि त्यातून आलं फक्त पाणी. तेवढ्यात वरून शिट्टी वाजली, आणि धाकटी दुसऱ्या कोणाला तरी ओढायला धावली.

दादा केंद्रावर परतले. तिथेच एक कार्ड मागून घेतलं आणि काउंटरला टेकून, अंगातून पाणी निथळत असताना, एका दमात लिहिलं:

'धाकटे, उत्तराला उशीर झाला. येऊन गेलो. तू दोरी फार छान फेकतेस. आज ज्याला गाढव म्हणालीस, तो मीच. त्या दिवशी मी हसलो होतो, आता तू हस. दादा.'

कार्ड पुन्हा वाचलं असतं तर त्यांनी ते नक्की फाडलं असतं. म्हणून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत ते जवळजवळ पळत गेले, डोळे गच्च मिटले आणि ते आत ढकललं.