बाइंडरकाका 'नो मोअर' झाले त्याची गोष्ट

इंग्रजी फोन आला की आमच्या छापखान्यात सगळ्यांना एकदम काम आठवायचं. मालक प्रुफांत तोंड खुपसायचे, मशीनवाला मशीनखाली शिरायचा! फोन उचलायचे ती मी. संध्याकाळच्या इंग्रजी क्लासला मी पहिली होते. चुकेन, पण अडखळणार नाही!

त्या दिवशी परदेशातून फोन आला. एक गृहस्थ इंग्रजीत आमच्या बाइंडरकाकांची चौकशी करत होते. काका महिन्यापूर्वीच निवृत्त झाले होते. ते आता इथे नसतात, एवढंच मला सांगायचं होतं.

"सॉरी सर," मी खणखणीत म्हणाले, "ही इज नो मोअर."

पलीकडून बारीक आवाजात, "व्हेन?"

"लास्ट मंथ."

"हाऊ?"

"एज, सर! वुई गेव्ह फ्लॉवर्स. एव्हरीबडी क्राइड."

"डिड ही सफर?"

सफर? काकांचं घर तर दोन गल्ल्या सोडून!

"नो सफर, सर! स्ट्रेट होम. व्हेरी हॅपी. ही वॉज वेटिंग फॉर धिस डे."

पलीकडून हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मला वाटलं, लाइन खराब आहे.

आठवड्याच्या आत एक पिकल्या केसांचे गृहस्थ बॅग ओढत छापखान्यात आले. डोळे सुजलेले.

"मी तुमच्या बाइंडरचा धाकटा भाऊ," ते मराठीत म्हणाले. "तो बसायचा कुठे?"

मी काकांचं टेबल दाखवलं. डिंकाचे डाग पडलेल्या फळीवरून त्यांनी हात फिरवला आणि उभ्याउभ्याच रडायला लागले.

"वडील गेले तेव्हा मी आलो नाही. तेव्हापासून आमचं बोलणं तुटलं. घरी फोन करायचा धीर होईना, म्हणून त्या दिवशी इथे केला, तर..."

निवृत्तीचं इतकं दुःख मी कुणाला झालेलं पाहिलं नव्हतं!

"वहिनीला तोंड कसं दाखवू? तुम्ही सोबत याल?"

"चला की! वहिनी कदाचित बाजारात असतील. पण काका घरीच सापडतील."

"कोण काका?"

"अहो, बाइंडरकाका! तुमचे भाऊ!"

त्यांचा चेहरा पाहिला आणि 'नो मोअर'चा खरा अर्थ माझ्या डोक्यात लख्ख उजाडला. पायांखालची जमीन दुभंगेल तर बरं, असं झालं. पण ती मेली दुभंगली नाही. जावंच लागलं.

दार काकांनीच उघडलं. अर्ध्या गालाला साबणाचा फेस, हातात वस्तरा. भाऊ पायरीवर मटकन बसले.

"तू... तू गेलास असं कळलं."

"कुठे गेलो?"

"वर!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे.

"आणि म्हणून तू आलास?" काकांचा आवाज चिरकला. "बाबांसाठी आला नाहीस, आणि माझ्यासाठी आलास?"

"तेव्हा चुकलोच रे, दादा. वाटलं, आता ते सांगायलाही तू उरला नाहीस."

काका त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. गालावरचा फेस भावाच्या कोटाला लागला, तरी कुणी कुणाला सोडेना. मीही पदराने डोळे टिपले आणि हळूच सटकणार, तोच घरातला फोन वाजला. भावाने विमानातून उतरल्याउतरल्या साऱ्या नातेवाइकांना बातमी दिली होती!

काकांनी नाक पुसत फोन उचलला.

"हॅलो... हो ताई, मीच बोलतोय. अगं, रडू नकोस! नाही नाही, वरून नाही... घरूनच!"