निम्म्या वेगाचा जुलै

"ओरेस्ट, सौनात हे काय ठेवलंयस?" तळघरातून इन्केरीचा आवाज आला आणि वर स्वयंपाकघरात कॉफी ओतत असलेल्या ओरेस्ट कोवालचुकच्या तोंडचं पाणी पळालं.

सौनात गेम कन्सोल होता. कॅनडातल्या थंडर बेच्या थंडीत रात्रभर गाडीत राहिलेलं यंत्र एकदम उबेत आणलं तर त्याच्या आत पाणी धरतं, म्हणून ते तळघरातल्या गार सौनात, म्हणजे वाफेच्या स्नानाच्या खोलीत, सावकाश निवळावं, असा त्याचा शास्त्रशुद्ध विचार होता. वरच्या फळीवर, टॉवेलात नीट गुंडाळून. आज शनिवार आहे आणि शनिवारी आपली बायको सौना पेटवते, एवढी एकच बाब त्या शास्त्रातून निसटली होती.

"टॉवेल होता त्याच्याभोवती!" तो जिना उतरत ओरडला.

"टॉवेल अगदी उत्तम आहे," इन्केरी म्हणाली.

कन्सोल मात्र भाजलेल्या पापडासारखा एका बाजूने वर उचलला गेला होता. आतली हॉकीची कॅसेटही त्याच्याबरोबर वाकली होती. ओरेस्टने वायर लावली, बटण दाबलं, थोपटलं, फुंकर मारली. ढिम्म.

"जुलै गेला," तो खालच्या फळीवर बसत म्हणाला. फळी तापलेली होती, तो लगेच उठला.

जुलैचं प्रकरण असं होतं. इन्केरीच्या माहेरचा तळ्याकाठी कॅम्प होता: दोन खोल्या, पाण्यात शिरलेला लाकडी धक्का आणि चुलीवरची सौना. जुलैचा पहिला आठवडा कॅम्पवर कुणी घालवायचा, हे दरवर्षी फेब्रुवारीत फॅमिली डेच्या सुट्टीला सासूबाईंच्या घरी ठरायचं. ओरेस्ट आणि त्याचा मेहुणा तैस्तो त्या जुन्या कन्सोलवर बर्फावरच्या, चकतीने खेळायच्या हॉकीचा सामना खेळायचे. जिंकेल त्याला जुलै, हरेल त्याला चावऱ्या काळ्या माश्यांचा जून. लग्न झाल्यापासून ओरेस्ट जूनमध्येच जात होता, आणि दरवर्षी सुजलेल्या कानांनी परत येत होता. यंदा त्याने पोरांना जुलैचा शब्द दिला होता. वर तैस्तोचा एक नियम होता: हरणाऱ्याने कन्सोल वर्षभर सांभाळायचा, आणि फॅमिली डेला तो चालला नाही तर सामना न खेळताच गेला.

"तैस्तोला खरं सांगून टाक," इन्केरी म्हणाली.

"तुझा भाऊ आहे तो. तूच सांग, ऐकेल?"

इन्केरीने टॉवेलाची घडी घातली. "नाही ऐकणार," ती म्हणाली.

मग ओरेस्टने अडगळीतला जुना लॅपटॉप काढला आणि त्यावर एम्युलेटर चढवला. एम्युलेटर म्हणजे कन्सोलचं सोंग वठवणारा प्रोग्रॅम. खेळाची प्रत त्याने कधीकाळी काढून ठेवलेली होती, तेवढं एक शहाणपण कामी आलं. पण लॅपटॉप म्हातारा. खेळाडू दोन पावलं सरकायचे, थबकायचे, मग एकदम भिंतीपाशी उगवायचे. अशा उद्योगांत मुरलेल्या मंडळींना त्याने इंटरनेटवर विचारलं. उत्तर आलं: 'तुझं यंत्र सेकंदाला साठ चित्रं काढता काढता धापा टाकतंय. तीसच काढायला सांग.'

त्याने तीसवर आणलं आणि खेळ लोण्यासारखा चालायला लागला. फक्त निम्म्या वेगाने. त्या जुन्या खेळाचं सगळं घड्याळच चित्रांवर चालायचं. चित्रं निम्मी झाली तशी माणसंही निम्म्याच वेगाने धावू लागली. ओरेस्ट आधी हिरमुसला. मग त्याने समोरून येणारी चकती चक्क येताना पाहिली, अडवली, कुणाला द्यायची ते ठरवलं आणि दिली. असं त्याच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं. त्याला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. तीन आठवडे तो रोज त्या वेगाने सराव करत राहिला.

फॅमिली डेला तो सगळ्यांच्या आधी सासरी पोचला. लॅपटॉप टीव्हीला जोडून खालच्या कपाटात लपवला, वाकडा कन्सोल वर ठेवला आणि त्यावर हेल्वीबाईंचा क्रोशाचा रुमाल टाकला. हेल्वीबाई म्हणजे सासूबाई. त्या वेलचीचा पुल्ला, म्हणजे फिनिश गोड पाव, कापत होत्या आणि त्यांचं लक्ष नव्हतं, निदान त्याला तसं वाटलं.

तैस्तो आला तोच हात चोळत. "काय जावईबापू, माश्यांचं मलम घेऊन ठेवलंत ना?"

खेळ सुरू झाला. सुरुवातीची धून विहिरीतून आल्यासारखी घुमली.

"याला काय झालं?" तैस्तो म्हणाला.

"थंडी," ओरेस्ट म्हणाला. "गाडीत होता ना."

थंडर बेमध्ये हे कारण कुणीही अमान्य करत नाही. सामना रंगला, म्हणजे एकाच बाजूने रंगला. तैस्तोची बोटं जुन्या वेगाची. चकती यायच्या आधीच त्याचा खेळाडू काठी फिरवून मोकळा. ओरेस्टने एक गोल केला, दुसरा केला, चौथा केला. डोळ्यांसमोर त्याला जुलैतला धक्का दिसायला लागला.

"हे फार गारठलंय," तैस्तो वैतागला. त्याचं मोटारींचं गॅरेज होतं आणि गारठलेल्या यंत्रांवर त्याचा एकच उपाय असायचा. "इंजिनाला आपण रात्रभर हीटर लावतो की नाही? आई, तुझा हेअर ड्रायर कुठाय?"

"अरे नको, होईल आपोआप—" ओरेस्ट अर्धवट उठला, पण तोवर ड्रायर कपाटापाशी सुरू झाला होता.

आधीच धापा टाकणारा लॅपटॉप तापला, आणि तापल्यावर आणखी मंदावला. आता खेळाडू गुडघाभर बर्फातून चालल्यासारखे पाय उचलू लागले. ओरेस्टचा सगळा सराव निम्म्या वेगाचा. हा पाव वेग त्याच्याही हिशेबात नव्हता. त्याचे फटके हुकायला लागले. तैस्तोचे तर आधीच हुकत होते. घड्याळातला एकेक सेकंद निघता निघेना.

"तैस्तो, बटाटे कोण सोलणार?" हेल्वीबाईंनी विचारलं.

"आई, सामना चाललाय!"

"चाललाय कुठे? उभाच आहे की. दे इकडे, तू येईपर्यंत मी धरते."

हेल्वीबाईंनी चष्मा पुसला आणि कंट्रोलर मांडीवर घेतला. टीव्हीवरची हॉकी त्या जन्मभर पाहत आल्या होत्या. कोण कुठे मोकळा आहे हे समालोचकाच्या आधी त्याच सांगायच्या. हा खेळ मात्र त्यांना कधी दिसलाच नव्हता, इतका तो भरभर जायचा. आज दिसत होता. त्यांनी चकती डावीकडे दिली, वाट पाहिली, उजवीकडे घेतली आणि सावकाश जाळ्यात ढकलली.

"गोल ना हा?" त्यांनी विचारलं.

"गोल," ओरेस्ट म्हणाला. त्यानंतर तो हे बरेच वेळा म्हणाला.

भोंगा वाजला तेव्हा हेल्वीबाई एका गोलने पुढे होत्या. तैस्तो सोलाणं हातात घेऊन धावत आला. "जिंकलो! जुलै माझा!"

"तुझा कसा? तू बटाटे सोलत होतास," हेल्वीबाई म्हणाल्या.

तेवढ्यात कपाटातून करपट वास आला. तैस्तोने दार उघडलं, लॅपटॉप पाहिला, रुमाल उचलला, कन्सोलचं वाकडं तोंड पाहिलं. "फसवणूक! सामना रद्द!"

"हो, रद्दच," ओरेस्टही लगेच म्हणाला. इतक्या वर्षांत मेहुण्यांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ होती.

"काही रद्दबिद्द नाही." हेल्वीबाईंनी कंट्रोलर सोडला नव्हता. "कॅम्प माझा आहे ना? तुमचे बाबा गेल्यापासून मी तिथे फक्त ऑक्टोबरात जाते, नळ गोठून फुटू नयेत म्हणून त्यांतलं पाणी काढून टाकायला. तळं तापलेलं मी शेवटचं कधी पाहिलं, सांगा बरं."

इन्केरीचे डोळे भरून आले आणि ती उठून आईशेजारी जाऊन बसली. तैस्तो हातातल्या सोलाण्याकडे पाहत राहिला. ओरेस्टला लाज वाटली, खरोखरच वाटली. आपण जुलैसाठी एवढा खटाटोप केला आणि ज्यांचा जुलै त्यांना कधी विचारलंही नाही.

"जुलैत मी जाणार," हेल्वीबाई म्हणाल्या. "शेजारच्या लेम्पीला घेऊन. आणि ओरेस्ट, हे सगळं तिथे लावून द्यायचं. अगदी याच वेगाने."

"देतो, आई." तो थोडा घुटमळला. "पण पोरांना मी शब्द दिलाय जुलैचा. तेव्हा आम्ही..."

"या की! तैस्तो, तूही ये. रविवारी दुपारी या, पोहा, जेवा." त्यांनी पुल्ल्याची थाळी त्याच्यापुढे सरकवली. "फक्त संध्याकाळच्या आत निघा. तेव्हा आमचा सामना असेल."